लेबलवर जागा नव्हती म्हणे : ‘द ॲनिमल्स’च्या पाच जणांसाठी एक खुलं पत्र

प्रति,
१९६०च्या दशकातल्या ब्रिटिश ऱ्हिदम अँड ब्लूज बँडांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या,
ती गाणी ऐकवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवा,
आणि जुन्या बँडांच्या पुनर्मीलनाच्या मैफली भरवणारे आयोजक यांस,

विषय : ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’चं श्रेय, ‘द ॲनिमल्स’च्या पुनर्मीलनांची ध्वनिमुद्रणं आणि बँडचं नाव वापरण्याची पद्धत.

स. न. वि. वि.

१९६४ साली ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या ‘द ॲनिमल्स’ या बँडच्या ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या गाण्याची, कोलंबिया लेबलवर डीबी ७३०१ या क्रमांकाची सात इंची तबकडी निघाली. गाण्याच्या नावाखाली श्रेयाची एकच ओळ होती : पारंपरिक, संयोजन प्राइस. म्हणजे गाणं जुनं, त्याची मांडणी प्राइसची. वाजवणारे मात्र पाच होते. एरिक बर्डन गायला, ॲलन प्राइस ऑर्गनवर होता, हिल्टन व्हॅलेंटाइन गिटारवर, चास चँडलर बेसवर आणि जॉन स्टील ड्रम्सवर. पाच नावं लिहायला लेबलवर जागा नव्हती म्हणून एकच टाकलं, असं बँडमधली इतर मंडळी पुढे वर्षानुवर्षं सांगत आली. सात इंची तबकडीच्या लेबलचा व्यास असतो साधारण साडेतीन इंच. त्यात पाच आडनावं बसत नाहीत, हे घटकाभर मान्य करू. पण तुमच्या आजच्या माहितीच्या रकान्याला व्यास नसतो. तिथेही ती ओळ तशीच का?

हे पत्र आत्ताच लिहायला एक साधं कारण आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९६४च्या तबकडीची ती मुदत ३१ डिसेंबर २०२४ला संपली. (संयोजनावरचा हक्क वेगळा, तो संपलेला नाही. घाई करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) ब्रिटनमध्ये हीच मुदत १ नोव्हेंबर २०१३पासून ५०ऐवजी ७० वर्षं झाली, म्हणजे तिथे हे मुद्रण २०३४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. आता आपल्याकडे ते कुणीही नव्याने चढवील, संग्रहात घालील, रिंगटोन करील, आणि माहिती उचलणार ती तुमच्याच नोंदींतून. चुकीची नोंद फुकट मिळाली की ती दहापट वेगाने पसरते.

आम्ही काही मराठी श्रोते, गिटार शिकवणारे, जुने ऑर्गन आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे आणि मैफलीत मिक्सरमागे बसणारे आहोत. आमचा संबंध इतकाच की हे गाणं आम्ही रोज हाताळतो. पुण्यात काय, मुंबईत काय, गिटारच्या क्लासमध्ये तारा सुट्या छेडायला शिकायची वेळ आली की पहिलं हेच गाणं समोर येतं. त्या सुटावलेल्या कॉर्डच्या जोरावर कितीतरी जणांच्या फिया चालतात. ज्या माणसाने तो नमुना बसवला, त्याचं नाव विद्यार्थ्याच्या वहीत नसतं, कारण ते आपल्या पडद्यावर नसतं.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली तक्रार श्रेयाची. ‘संयोजन’ म्हणजे नेमकं काय, हे याच गाण्यावर दाखवता येतं. कडवं सोळा बारचं. कॉर्डचा क्रम असा : ए मायनर, सी, डी, एफ; मग ए मायनर, सी, ई, ई; पुन्हा ए मायनर, सी, डी, एफ; आणि शेवटी ए मायनर, ई, ए मायनर, ई. प्रत्येक बारमध्ये सहा ठोके, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या मापाचं. ‘ए’ला षड्ज धरा. तिसऱ्या बारमधला ‘डी’ शुद्ध धैवत घेऊन येतो आणि लगेच चौथ्या बारमधला ‘एफ’ त्याला खाली ओढून कोमल करतो. ‘सी’मध्ये कोमल निषाद, तर ‘ई’मध्ये शुद्ध. दोन धैवत आणि दोन निषाद असे एकमेकांच्या अंगाला अंग लावून फिरतात, आणि गाण्यातली ती बुडत चालल्याची भावना तिथून येते. आता हेच कॉर्ड हाताने सरसकट छेडून बघा. धैवताचा उतार ऐकू येतो खरा, पण तो गर्दीत हरवतो. व्हॅलेंटाइनने ते मोडून, एका वेळी एक तार, पिकने वाजवले. मग तो अर्ध्या स्वराचा उतार एकटा, उघडा ऐकू येतो. कॉर्ड त्याने बॉब डिलनच्या १९६२च्या तबकडीवरून घेतले, हे तो स्वतःच सांगायचा. पण तबकडी सुरू झाल्यावर पहिल्या दोन सेकंदांत आपण जे ओळखतो, ते डिलनच्या तबकडीवर नाही. ते व्हॅलेंटाइनच्या ग्रेच टेनेसियन गिटारवरचं आहे.

प्राइसचं श्रेय नाकारायचा आमचा हेतू नाही, हे स्पष्ट करतो. बर्डन येण्याआधी न्यूकॅसलमध्ये हा गट प्राइसच्याच नावाने चालत होता. या मुद्रणात त्याचा व्हॉक्स काँटिनेंटल ऑर्गन मागून हळूहळू वर चढतो, मधला सोलो त्याचा, आणि तो सोलो काढला तर गाणं अर्धं उरेल. पण चँडलरचा बेस काढला तरी अर्धंच उरेल. बर्डन खाली सुरू करून पुढच्या कडव्यांत वरच्या पट्टीत झेप घेतो, ती जागा कुणी कागदावर लिहून दिली नव्हती. १८ मे १९६४ला लंडनच्या किंग्सवेवरच्या डी लेन ली स्टुडिओत, चक बेरीबरोबरचा दौरा चालू असताना, मिकी मोस्ट निर्माता असताना, हे एका टेकमध्ये उरकलं. वरून काही भरलेलं नाही. ड्रम्सच्या माइकमध्ये गिटार आहे, गायकाच्या माइकमध्ये ड्रम्स. दौऱ्यात रोज रात्री हे गाणं वाजवून घासून घेतलं होतं म्हणून ते एका टेकमध्ये झालं. रोज रात्री पाच जणांनी मिळून घासलेल्या वस्तूला एकाचं संयोजन म्हणणं हिशेबाला सोयीचं असेल, वर्णन म्हणून चूक आहे.

आणि ‘पारंपरिक’ या शब्दाबद्दलही दोन ओळी. या गाण्याचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं मुद्रण १९३३चं, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांचं. १९३७ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने केंटकीतल्या मिडल्सबरो गावात जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या, खाणकामगाराच्या मुलीकडून ते उतरवून घेतलं. ‘पारंपरिक’ म्हटलं की जॉर्जिया टर्नर गायब होते आणि ‘संयोजन प्राइस’ म्हटलं की बाकीचे चार. मराठी वाचकाला हे नवीन नाही. आपल्या कितीतरी लावण्यांवर आणि ओव्यांवर ‘पारंपरिक’चा शिक्का आहे, आणि मुंबईच्या स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या वादकांनी वाद्यमेळ रचले तेव्हा तबकडीवर नाव संगीतकाराचं छापलं जाई, संयोजकाचं नाही. गंमत अशी की तिथे संयोजक लपला आणि इथे संयोजक तेवढा उरला.

दुसरी तक्रार पैशाच्या वाटेची, कारण श्रेयाची ओळ ही नुसती मानाची गोष्ट नाही. एका गाण्याला दोन वेगळे हक्क असतात. एक मुद्रणाचा : ही ध्वनिफीत. दुसरा रचनेचा : हे सूर, हे शब्द, आणि मूळ गाणं पारंपरिक असेल तर त्याचं हे संयोजन. ब्रिटनमध्ये रेडिओवर किंवा दुकानात तबकडी वाजली की मुद्रणाचा मोबदला पीपीएल ही संस्था गोळा करते. त्यातला निम्मा कंपनीला आणि निम्मा वादक-गायकांना. यात जॉन स्टीलचा ड्रम मोजला जातो, पण एकाच अटीवर : त्या मुद्रणाच्या नोंदीत वादक म्हणून त्याचं नाव असलं पाहिजे. रचनेचा मोबदला वेगळ्या वाटेने जातो आणि तो नोंदलेल्या नावालाच मिळतो. हेच गाणं दुसऱ्या कुणी याच संयोजनाने गायलं, जाहिरातीत नव्याने मुद्रित करून वापरलं, तर मुद्रणाचा हक्क लागूच होत नाही, फक्त रचनेचा होतो. म्हणजे व्हॅलेंटाइनच्या बोटांतला नमुना जगभर पुन्हा पुन्हा वाजतो आणि त्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

मागणी केल्यावर वाजणाऱ्या स्ट्रीमिंगची गोष्ट आणखी निराळी. त्याला ती निम्म्या वाट्याची पद्धत लागू नाही. जुलै २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने ती लागू करावी अशी शिफारस केली. तसा कायदा झालेला नाही. तोवर १९६४च्या करारात जे टक्के लिहिले होते, त्यांच्यावरच बोळवण. तेव्हा वाहतूक तबकड्यांच्या खोक्यांची होती आणि फुटलेल्या मालाची वजावट करारात असे. फाइल फुटत नाही, एवढंच आम्ही सुचवू इच्छितो.

तिसरी तक्रार नोंदींच्या गोंधळाची. ही तुमच्या हातात पूर्णपणे आहे आणि तिला कायदा बदलावा लागत नाही.

एकच गाणं आपल्या शोधपट्टीवर निदान चार रूपांत सापडतं. साडेचार मिनिटांच्या आसपासचं पूर्ण मोनो मुद्रण. अमेरिकेत रेडिओसाठी कापलेलं २ मिनिटं ५८ सेकंदांचं, ज्यात बरंच काही कापलं गेलं आहे. पुनर्मीलनाच्या मैफलीतलं. आणि पुढच्या काळात कुणा एका-दोघांनी नव्या वादकांबरोबर पुन्हा मुद्रित केलेलं. चौघांवरही तोच जुना काळा-पांढरा फोटो आणि तेच बँडचं नाव. ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? जाणकार ऑर्गनवरून ओळखतो. व्हॉक्स काँटिनेंटलमध्ये बारा सर्किट-कार्डं असतात, सप्तकातल्या प्रत्येक सुराला एक, आणि त्याच कार्डावर फ्रीक्वेन्सी अर्धी-अर्धी करत खालची सप्तकं काढलेली असतात. त्यामुळे एक कार्ड गेलं की तो सूर सगळ्याच सप्तकांतून जातो, एका पट्टीपुरता नाही. अशा वाद्याचा आवाज पातळ, किंचित नाकातला आणि कडेने खरखरीत असतो. पुढच्या काळातल्या डिजिटल की-बोर्डचा आवाज गुळगुळीत. पण हे ओळखणं श्रोत्याचं काम नाही. लिहून ठेवणं तुमचं आहे.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा त्याची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. असतो. बारा अक्षरं-अंकांचा. सुरुवातीला देशाची दोन अक्षरं, मग नोंदणी करणाऱ्याची तीन, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी क्रम. पण ते वर्ष क्रमांक दिल्याचं असतं, गायल्याचं नाही. १९६४च्या मुद्रणाला नव्वदीत क्रमांक मिळाला असेल तर त्यात नव्वदीतलंच साल दिसणार. वादकांची नावं तर त्या क्रमांकात नसतातच. ती शेजारच्या रकान्यात भरावी लागतात, आणि तो रकाना रिकामा सोडला तरी फाइल बिनबोभाट चढते. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. मुखपृष्ठाच्या चित्राचा आकार चुकला तर तुमची यंत्रणा फाइल परत पाठवते, ड्रमवाल्याचं नाव नसलं तर पाठवत नाही.

याच तक्रारीत बनावट स्टिरिओ येतो. साठच्या दशकात मोनो मुद्रणं ‘स्टिरिओ’ म्हणून विकण्यासाठी एक युक्ती होती : वरच्या फ्रीक्वेन्सी एका बाजूला, खालच्या दुसऱ्या बाजूला, आणि एका बाजूला किंचित उशीर. हेडफोनवर ते रुंद वाटतं. तेच मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजवलं की दोन्ही बाजू मिळतात, उशिरामुळे काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खोडतात आणि ऑर्गन डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. आपल्याकडे बहुतेक लोक गाणी मोबाइलच्याच स्पीकरवर ऐकतात. हल्ली संगणकाने वाद्यं सुटी करून नवा स्टिरिओ बनवतात, त्यालाही आमची ना नाही. पण मग तो ‘अमुक साली संगणकाने सुटं करून बनवलेला’ असं लिहा. ‘रीमास्टर’ या एका शब्दाखाली टेप स्वच्छ करण्यापासून गाणं नव्याने कापण्यापर्यंत काहीही खपतं.

चौथी तक्रार पुनर्मीलनांची. इथे आयोजकांनी जरा कान द्यावा.

हा बँड १९६६ मध्ये मोडला. प्राइस त्याआधीच, १९६५ मध्ये बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी डेव्ह रोबेरी आला होता. स्टील १९६६च्या सुरुवातीला गेला. मूळ पाच जण त्यानंतर तीनदा एकत्र आले. डिसेंबर १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये मदतीसाठी एक कार्यक्रम. मग १९७५ मध्ये मुद्रण, जे १९७७ मध्ये ‘बिफोर वी वेअर सो रूडली इंटरप्टेड’ या नावाने निघालं. तेव्हा बँडच्या नावामागे ‘ओरिजिनल’ हा शब्द लावावा लागला. आपल्याच घराच्या दारावर ‘मूळ मालक’ अशी पाटी लावायची वेळ. आणि तिसऱ्यांदा १९८३ : ‘आर्क’ हा नवा अल्बम, जगभर दौरा, आणि ३१ डिसेंबर १९८३ची लंडनमधल्या वेम्बली अरीनातली मैफल, जिचं मुद्रण १९८४ मध्ये ‘रिप इट टु श्रेड्स’ म्हणून आलं. १९८४ संपेपर्यंत बँड पुन्हा फुटला. चँडलर १९९६ मध्ये गेला, व्हॅलेंटाइन जानेवारी २०२१ मध्ये. पाच जणांचं पुनर्मीलन आता कुणालाच भरवता येणार नाही.

त्या १९८३च्या संचात मूळ पाचांच्या जोडीला आणखी वादक होते : की-बोर्डवर झूट मनी, गिटारवर स्टीव्ह ग्रँट, सॅक्सोफोनवर स्टीव्ह ग्रेगरी, तालवाद्यांवर निपी नोया. यात काही गैर नाही. वेम्बली अरीना मुळात १९३४ मध्ये पोहण्याचा तलाव म्हणून बांधलेली इमारत. तिथे क्लबमधला पाच जणांचा संच तसाच उभा केला तर काय होतं, हे मिक्सरमागच्या माणसाला विचारा. मोठ्या, टणक भिंतींच्या जागेत आवाज विरायला वेळ लागतो. सहा ठोक्यांच्या बारमध्ये सुटी छेडलेली तार विरायच्या आत पुढच्या तीन वाजून झालेल्या असतात, आणि तो शुद्ध-कोमल धैवताचा उतार चिखलात जातो. म्हणून ज्यादा गिटार, ज्यादा की-बोर्ड, सॅक्सची भर. शिवाय वय. वयाबरोबर गायकाला वरचे सूर जड जाऊ लागतात. ए मायनर झेपेना झालं की जी मायनरमध्ये उतरावं लागतं. कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) सूर वर नेतो, खाली नाही. म्हणून तारा पूर्ण एक स्वर उतरवतात आणि त्या ढिल्या पडून खडखडू नयेत म्हणून एक माप जाड घालतात. हे सगळं कौशल्याचं काम आहे आणि ते करणाऱ्यांची नावं मैफलीच्या अल्बमच्या डिजिटल नोंदीत असली पाहिजेत. प्राइस आणि झूट मनी दोघेही की-बोर्डवर असताना कुठल्या गाण्यात कोण, हे नुसत्या बँडच्या नावावरून कुणी कसं सांगावं?

नावाचा वाद याच्याच पोटातला. जॉन स्टीलने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘द ॲनिमल्स’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला. बर्डनने हरकत घेतली. २००८ मध्ये निकाल स्टीलच्या बाजूने लागला, सप्टेंबर २०१३ मध्ये अपिलात बर्डनच्या बाजूने. नऊ वर्षं. दोन म्हाताऱ्या मित्रांनी वकिलांची घरं भरली, कारण १९६४ मध्ये पाच पोरांपैकी एकालाही कुणी सांगितलं नाही की बँड म्हणजे कायद्याने भागीदारी ठरू शकते आणि भागीदारी मोडताना नाव कुणाकडे राहणार हे लिहून ठेवायचं असतं.

तर आयोजकहो, तुम्ही ज्याला पुनर्मीलन म्हणता त्यात मूळचा एक असतो की चार, हे तिकीट काढणाऱ्याला कळत नाही. एकच मूळ वादक असलेला बँड वाईट असतो असं नाही; स्टीलने जुन्या गाण्यांचा दौरा वर्षानुवर्षं चांगला चालवला. पण जाहिरातीत १९६४चा फोटो लावून, त्यातले दोघे हयात नसताना, तिकीट विकणं हे बरं नाही. इथला श्रोता असा कार्यक्रम ऐकायला परदेशी जातो तेव्हा विमानाचं भाडं भरून जातो.

आमच्या मागण्या अशा.

१) प्रत्येक मुद्रणाच्या नोंदीत वादकांची नावं वाद्यासह भरा, आणि वादकांचा रकाना रिकामा असेल तर फाइल चढू देऊ नका. सुरुवात १९६०च्या दशकापासून करा, कारण तेव्हाच्या साक्षीदारांकडे वेळ कमी आहे.

२) मुद्रणाची तारीख आणि जागा, मोनो की स्टिरिओ, पूर्ण की कापलेलं, मूळ की पुन्हा गायलेलं, ही माहिती गाण्याच्या नावाशेजारी दिसू द्या. तीन टिचक्या मारल्यावर उघडणाऱ्या पानात नको. मैफलीतल्या आणि नंतरच्या मुद्रणांवर १९६४चा फोटो लावणं बंद करा.

३) ‘संयोजन प्राइस’ ही कायदेशीर नोंद आहे, ती आम्ही खोडायला सांगत नाही. तिच्या शेजारी ‘वादन आणि रचनेचा आकार : बँडचे पाच सदस्य’ अशी ओळ घाला. आणि रचनेच्या हक्कावर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी हयात सदस्य आणि दिवंगतांचे वारस यांना एकत्र बोलावून स्वेच्छेने वाटा देण्याचा प्रस्ताव ठेवावा. कुणी नाही म्हटलं तर तसं जाहीर सांगावं.

४) १९७७, १९८३ आणि १९८४ची पुनर्मीलनाची मुद्रणं पूर्ण स्वरूपात, नीट नोंदींसह बाजारात ठेवा. ब्रिटनच्या कायद्यात अशी तरतूद आहे की ५० वर्षांनंतर कंपनी मुद्रण पुरेसं उपलब्ध करत नसेल तर कलाकार एक वर्षाची नोटीस देऊन हक्क परत मागू शकतो. ‘आर्क’साठी ती वेळ येईल १ जानेवारी २०३४ला. त्या दिवशी बर्डन आणि स्टील ९२ वर्षांचे असतील, प्राइस ९१चा. तोवर वाट पाहायला लावू नका.

५) आयोजकांनी जाहिरातीत आणि तिकिटावर मंचावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, बँडमधला त्याचा काळ आणि मूळ सदस्यांचा आकडा छापावा. आजाराने कुणी गळालं तर कळवावं आणि पैसे परत मागण्याची मुभा द्यावी. आधी मुद्रित केलेला ट्रॅक वाजणार असेल तर तेही.

६) पुनर्मीलनाची तालीम सुरू होण्याआधी, नंतर नाही, एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या : मानधनाची वाटणी, मैफलीच्या मुद्रणाचे टक्के, चित्रणाचे टक्के, नाव कोण किती दिवस वापरणार, आणि जुन्या गाण्यांच्या नव्या वादनातून येणाऱ्या पैशाचं काय. भाड्याने आणलेल्या वादकांनाही त्या कागदाची प्रत द्या. एक पान पुरतं.

पहिल्या मागणीला जागा नाही असं उत्तर येऊ नये, म्हणून रकाना आम्हीच भरून देत आहोत. उतरवून घ्यावा.

गाणं : द हाउस ऑफ द रायझिंग सन
बँड : द ॲनिमल्स, न्यूकॅसल अपॉन टाइन
गायन : एरिक बर्डन
ऑर्गन : ॲलन प्राइस
गिटार : हिल्टन व्हॅलेंटाइन
बेस : चास चँडलर
ड्रम्स : जॉन स्टील
निर्माता : मिकी मोस्ट
मुद्रण : १८ मे १९६४, डी लेन ली स्टुडिओ, किंग्सवे, लंडन, एक टेक, मोनो, पूर्ण

आपले,
काही मराठी श्रोते, वादक आणि ध्वनितंत्रज्ञ